डोळेफोडी

शाळेच्या फाटकात बोरीच्या काटेरी फांद्या आडव्या पडलेल्या दिसल्या आणि डॉक्टर धम्मदीपाचं डोकंच सणकलं. अशा फांद्या काही वाऱ्यानं येऊन पडत नसतात. कोणीतरी सकाळी उठून, कुऱ्हाड घेऊन, मुद्दाम तोडून आणल्या होत्या, आणि टाकणारे तिथंच उभे होते. पंधरावीस बाया, काही म्हातारे, आणि सगळ्यांच्या पुढं कमरेवर हात ठेवून मोतीबाई.

"आली वो! डोळेफोडी आली!" मोतीबाईनं हाळी दिली.

धम्मदीपा अनसिंगची. जिल्ह्याच्या शालेय दंत पथकाची एकुलती एक डॉक्टर, तीही कंत्राटी. पथक म्हणजे काय, तर भाड्याची एक बोलेरो, घडी होणारी एक खुर्ची, म्हाताऱ्यासारखा खोकणारा एक कॉम्प्रेसर, ती स्वतः आणि डोळे तपासणारा उत्कर्ष. एवढ्या लवाजम्यावर जिल्ह्यातल्या साऱ्या पोराटोरांचे दात सांभाळायचे. वर खुर्चीत बसलेल्यांचं काय जातं!

मागच्या हिवाळ्यात ती मानोऱ्याच्या पुढच्या याच तांड्यावर आली होती. दुपारी इकडं लाइन जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दातांच्या मशीनचा कॉम्प्रेसर लाइनीवर चालतो, डोळ्यांच्या तक्त्याला लाइन लागत नाही. म्हणून पथकाचा नेमच होता, सकाळी दात आणि दुपारी डोळे. त्या नेमानं तिनं सकाळी साक्षी नावाच्या पोरीची वरची किडकी दाढ काढली, आणि दुपारी उत्कर्षनं त्याच पोरीला भिंतीवरची अक्षरं वाचायला उभं केलं. पोरीला सगळ्यांत वरचं, भाकरीएवढं अक्षरसुद्धा दिसेना. झालं! वरचा दात काढला की डोळा जातो, ही समजूत आधीच घरोघरी. त्यात सकाळी दाढ गेली अन् दुपारी चष्मा लागला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! साक्षीची आजी मोतीबाई ऊर बडवत तांडाभर फिरली, आणि दिवस मावळायच्या आत डॉक्टरचं नवं नाव ठरलं.

ते नाव एका तांड्यात राहिलं असतं तर गोष्ट वेगळी. पण सोयरिकी काय एका तांड्यात थांबतात? लग्नांतून, बाजारांतून ते तालुकाभर गेलं. दंत पथकाची गाडी दिसली की पोरं तुरीत पळायची. मास्तर लोक हात जोडायचे, "मॅडम, दात नुसते पाहा, काढू नका." समजावून समजावून धम्मदीपाच्या दाताच्या कण्या झाल्या. चित्रं दाखवली, कवटी दाखवली, दाताची मुळं कुठं अन् डोळ्याची नस कुठं हे खडूनं काढून दाखवलं. कोणी ऐकेल तर शपथ!

आजही ती आली नसती. पण इथल्या मास्तरांचा सकाळीच फोन आला होता, दुसरीतला अंकुश सुजलेलं तोंड अन् ताप घेऊन शाळेत येऊन पडलाय, मॅडम, लवकर या. अंकुश म्हणजे साक्षीचा धाकटा भाऊ. मोतीबाईचा नातू. नशीब तरी कसं पाहा!

"फांद्या उचला," धम्मदीपा गाडीतून उतरून म्हणाली.

तांड्याचा नाईक धरमसिंग पुढं आला. माणूस सभ्य, पण आवाजात धार. "मॅडम, तुमी शिकल्यासवरल्या. पन आमच्या पोरायचे डोळे आमाले पाहिजेत. आल्या तशा जा."

"पोरगं तापानं फणफणून राह्यलं आत. मी पोलीस बोलावीन."

"बोलवा की! पोलीस काय दात उपटून देतेत?"

बाया हसल्या. ते हसू धम्मदीपाला असं झोंबलं की तिनं मागंपुढं पाहिलंच नाही. पांढऱ्या कोटासकट ती फांद्यांवरून चढून पलीकडं गेली. कोट टर्रकन फाटला, पोटरीवर रक्ताची रेघ उठली. कोणी अडवलं नाही, कोणी हातही दिला नाही. उत्कर्ष पेटी डोक्यावर धरून मागून आला, आणि त्याच्यामागं मोतीबाई आली.

वर्गात सतरंजीवर अंकुश पडला होता. त्याला पाहिलं आणि धम्मदीपाचा राग पार कुठल्या कुठं गेला, तिथं भीती येऊन बसली. उजवा गाल टम्म, कातडी ताणून चकाकणारी, आणि सूज वर चढत चढत पापणीपर्यंत पोचलेली. डोळ्याची नुसती फट उरली होती. हात लावला तर चटका बसावा असा ताप. उशाशी साक्षी बसून फडकं भिजवत होती. नाकावर तोच चष्मा, एका बाजूची काडी दोऱ्यानं बांधलेली.

"कधीपासून?" धम्मदीपानं विचारलं.

"बाजाराच्या दिवसापासून," साक्षी म्हणाली.

"आन् घरात ठेवला? लवंगा चावत?"

"मानोऱ्याच्या डॉक्टरच्या गोळ्या देल्या," मोतीबाई फणकारली. "तूही गोळ्या दे अन् जाय."

धम्मदीपानं एकदा श्वास घेतला. "मोतीबाई, ऐका. दुधाची दाढ सडली. तिचा पू वर चढून राह्यला. डोळ्यामागं गेला तर डोळा जाईन. त्याच्यापुढं गेला तर पोरगंच हातचं जाईन. आता इथंच दाढ काढू, पू मोकळा करू, आन् तसंच वाशीमच्या दवाखान्यात नेऊ. उद्यावर टाकता येत नाही."

"वरची दाढ का खालची?"

"वरची."

"मग नाही."

मायबाप ऊसतोडीला गेलेले, पार तिकडं कृष्णेकाठी. धम्मदीपानं बापाला, किसनसिंगाला, फोन लावला. मागं ट्रॅक्टर धडधडत होता, पाचटाची सळसळ. सगळं ऐकून तो बिचारा एवढंच म्हणाला, "आई म्हनीन तसं करा. पोट्टे तिच्या हवाली करून आलो आमी." फोन कटला. मोतीबाईनं बघा म्हणून हात उडवले.

उत्कर्ष खुर्ची उलगडत होता. तो हळूच बोलला, "मॅडम, मी तेव्हाही म्हटलं होतं. एवढा मोठा नंबर एका दुपारात येत नसते. पोट्टीचे डोळे जुनेच कमजोर असतीन."

तेव्हा त्याचं म्हणणं धम्मदीपानं बाहेर ओरडून सांगितलं होतं, पण कोणी ऐकलं नव्हतं. आज ती साक्षीपुढं जाऊन बसली. "साक्षी, खरं सांग. दाढ काढायच्या आधी, तू दुसरीत होती, तेव्हा तुले फळा दिसत होता?"

पोरीनं तोंड उघडलं. आजीकडं पाहिलं. तोंड मिटलं.

"जाय, पानी आन," मोतीबाई म्हणाली.

कोपऱ्यातला माठ काठोकाठ भरलेला होता. तरी साक्षी उठली आणि रिकामा गडू घेऊन गेली. "तूही जाय रे बापा," मोतीबाईनं उत्कर्षलाही हाकललं, दार लोटलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"नव्हता दिसत," ती म्हणाली. "पहिलीपासून नव्हता. ताटातली भाकर चाचपून घे. दारात कोन आलं ते आवाजावरून वळखे. मले माहीत नाही काय? म्याच वाढवली तिले."

धम्मदीपाच्या तोंडून जे आलं ते भडाभडा आलं. "माहीत होतं? माहीत होतं, आन् वर्षभर माह्या नावानं बोंबा मारून राह्यली तू? लाज कशी नाही वाटली वो?"

"वाटली. मग? जन्माची अधू म्हटली तर उद्या तिले सून कोन करीन? म्हनतीन, यायच्या घराण्यातच खोट हाय. डॉक्टरनं फोडला म्हटलं तर लोक हळहळतात. पोरीत खोट राहत नाही." मोतीबाईनं नजर खाली केली नाही. "तुले काय? तू सरकारी बाई. आज इथं, उद्या तिथं. तुह्या अंगाले काय चिकटते?"

"काय चिकटते? ये, सांगतो तुले काय चिकटते! तालुक्यातली पोट्टी सडके दात घेऊन लपून राह्यली, तुह्या एका खोट्यापायी. आन् आता हा पाहा, तुहाच नातू!"

"म्हनून तं बोलून राह्यली तुह्याशी." आणि इथं पहिल्यांदा म्हातारीचा आवाज हलला. ती भिंत धरून खाली बसली. "म्या जर आता मुकाट्यानं याची वरची दाढ काढू देल्ली, तर बाहेरचे इचारनार नाहीत? मागच्या साली ऊर बडवत होती, आता कशी तयार झाली म्हनून? अडकली मी बाई. माह्याच जाळ्यात अडकली."

अंकुश झोपेत कण्हला. दोघींनी तिकडं पाहिलं.

"एक काम कर," मोतीबाई म्हणाली. "बाहेर जाय. चारचौघात सांग, मागच्या साली मशीन खराब होती. माही चूक झाली. पोरीचा डोळा माह्या हातानं गेला. आता नवीन मशीन आली, आता डोळ्याले काही होत नाही. एवढं म्हन, अन् उचल पोराले."

"आन् नाही म्हटलं तर?"

"तर नाही. एकाच्या डोळ्यासाठी एकीचं नशीब नाही जाळत मी. बसतो सेवालाल महाराजाचं नाव घेत."

पाहिलं? ही सौदेबाजी! धम्मदीपाच्या मनात आलं, उठावं, दार उघडावं आणि या म्हातारीचं बिंग भर तांड्यात फोडावं. सगळं खरं सांगावं. पण खऱ्याला इथं विचारतो कोण? वर्षभर ती खरंच तर सांगत होती. आज सांगितलं तर मोतीबाई कानावर हात ठेवील, बाया म्हणतील डोळेफोडी आता आजीवरच घसरली, आणि या भांडणात दिवस जाईल. दिवस तेवढाच तर नव्हता हाती.

आणि तिचं स्वतःचं नाव? बापानं, शेषरावनं, एसटीत तिकिटं फाडून तिला शिकवलं होतं. डॉक्टर झाली त्या दिवशी विहारापुढं उभा राहून म्हणाला होता, पोरी, आपल्याजवळ वावर नाही, वाडा नाही, नाव आहे. तेवढं सांभाळजो. ते नाव आता उठून परक्याच्या दारात टाकायचं, आणि तेही या बाईसाठी, जिनं त्याला आधीच वर्षभर चिखल फासला!

ती वाकली. अंकुशची पापणी दोन बोटांनी अलगद उघडायला गेली. उघडली नाही. पोरगं नुसतं ओरडलं.

"दार उघड," ती म्हणाली.

बाहेर ऊन चढलं होतं. ती ओट्यावर उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. आवाज भांडणाऱ्या माणसाचाच होता, तिला दुसरा सापडेना. "मागच्या साली मशीन खराब होती. साक्षीचा डोळा माह्या हातानं गेला. माही चूक झाली. आता मशीन नवीन आहे. आता डोळ्याले काही होत नाही."

एकच गिल्ला उठला. "पाहा! आमी म्हनत होतो का नाही!" "कबूल केलं वो, सोताच्या तोंडानं!" एकानं मोबाइल वर धरला, मग दुसऱ्यानं. कुठूनसं एक ढेकूळ आलं आणि तिच्या खांद्यावर फुटलं. धरमसिंगनं हात वर केला म्हणून दुसरं आलं नाही. मागं दारात मोतीबाई पदर तोंडाला लावून ढसाढसा रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं हे धम्मदीपाला आजही कबूल करावं लागतं. पाण्याचा गडू हातात घेऊन साक्षी हापशाजवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"मंग करा बापा," धरमसिंग म्हणाला. "नवीन मशीन हाय तं करा."

उत्कर्षनं तोच खोकणारा कॉम्प्रेसर सुरू केला. मास्तरांसकट चारजणांनी अंकुशला धरलं. भूल दिली, पण एवढ्या सुजेत भूल पुरती लागत नाही. पोरगं किंचाळलं, धम्मदीपा दातओठ खाऊन चिमटा फिरवत राहिली. दाढ निघाली आणि मागून पू भळाभळा आला. वास असा की उत्कर्षनं तोंड फिरवलं. पाऊण तासात गाडी वाशीमच्या रस्त्याला लागली. मागच्या सीटवर मोतीबाई नातवाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

दवाखान्यात सलाइन लागली, सुया टोचल्या, आणि तिसऱ्या दिवशी अंकुशनं डोळा उघडून खायला कुरकुरे मागितले. "उघडला," मोतीबाई म्हणाली. बस्स, एवढंच. आभाराचं नाव नका काढू!

तोवर व्हिडिओ जिल्हाभर झाला होता. कार्यालयातून साहेबांचा फोन आला. "तुम्ही हे बोललात?"

"बोलले."

"का?"

"पोरगं न्यायचं होतं."

साहेब म्हणाले, "कुठं लेखी देऊ नका," आणि फोन ठेवला.

साहेबांचं काही नव्हतं. पण रात्री अनसिंगहून आईचा फोन आला. विमलबाईनं आधी इकडचं तिकडचं विचारलं, मग घसा खाकरला. "दीपा, खरंच गेला का वो त्या पोरीचा डोळा तुह्या हातानं?"

धम्मदीपाच्या ओठांवर आलं होतं सगळं. पण विमलबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. आज सांगावं, उद्या शेजारणीला कळावं, परवा अनसिंगच्या बाजारातून ते मानोऱ्याला, आणि तिथून त्या पोरीच्या दारात.

"हो आई," ती म्हणाली. "बाबा जेवले?"

"नाही जेवले," विमलबाई म्हणाली.

आणि मग काय झालं, ऐका. ज्या तांड्यांवर वर्षभर पोरं तुरीत पळत होती, तिथून फोन येऊ लागले. मॅडम, नवीन मशीन आमच्याकडं कधी आणता? जे खऱ्यानं झालं नाही ते खोट्यानं आठ दिवसांत झालं. उत्कर्षनं कॉम्प्रेसर घासूनपुसून त्याला लाल रंग दिला, त्यावर रिबन बांधली. बाया येत, मशीनला हात लावून पाहत, कोणी कुंकूही लावी. आणि मशीन चालवणारीकडं मात्र विस्तवावर पाय पडल्यासारख्या बघत. "हीच का ती? हीच वो. पन आता मशीन चांगली हाय म्हन्ते." तोंडावर म्हणायच्या. धम्मदीपा दात काढत राहिली, काढलेल्या दातांचा डबा भरत राहिला, आणि मनातल्या मनात ती रोज मोतीबाईला शिव्या मोजत राहिली. एक बदल मात्र तिनं केला. आता प्रत्येक शाळेत आधी डोळे, मग दात. लाइन जावो नाहीतर राहो.

उन्हाळा लागता लागता, ऊसतोडीहून माणसं परतल्यावर, गाडी पुन्हा त्याच तांड्यावर गेली. या वेळी फाटक सताड उघडं होतं. शेजारच्या तांड्यावरच्या बायासुद्धा पोरं घेऊन आल्या होत्या. मोतीबाई ओट्यावर बसून रांग लावत होती, जणू पथक तिच्याच बापाचं. धम्मदीपाशी बोलली नाही. धम्मदीपाही बोलली नाही. अंकुश दोन्ही डोळे टकाटका उघडे ठेवून मशीनभोवती नाचत होता.

साक्षीची पाळी आली. ती खुर्चीत बसली, चष्मा सारखा केला. धम्मदीपानं तिची हनुवटी हातात धरली आणि तोंडात आरसा घातला.

तेवढ्यात रांगेतली एक परकी बाई, काखेत लेकरू घेतलेली, पुढं वाकून पाहू लागली. "हीच का वो ती पोरगी? बाई, हिनंच घालवला न तुहा डोळा?"

पदर आवरता आवरता मोतीबाईचा हात थांबला. साक्षीनं जाड काचांमधून धम्मदीपाकडं पाहिलं, सरळ, अगदी जवळून. तिला आता सगळं स्पष्ट दिसत होतं.

हनुवटी धम्मदीपाच्या हातातच होती. ती हनुवटी एकदा खाली गेली, आणि मग पुन्हा एकदा गेली.

"हालू नको," धम्मदीपा म्हणाली. "आ कर. मोठा आ."